तालुक्याचा पेपर : खान्देशातील छोट्या पत्रांची गोष्ट

मराठी पत्रकारितेचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर ठरलेली नावे येतात. १८३२ चे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, मग ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘मूकनायक’, ‘प्रभात’, ‘नवाकाळ’. हा इतिहास खरा आहे, पण तो मुंबई-पुण्याचा आहे. जळगाव, धुळे, अमळनेर, एरंडोल, भुसावळ या गावांतही कागदावर शाई उमटत होती. तिथेही कोणी तरी संध्याकाळी खिळे जुळवत बसत होते, कोणी तरी अंक टपालात टाकत होते आणि कोणाच्या तरी ओट्यावर एक जण मोठ्याने वाचत असताना दहा जण ऐकत होते. या छोट्या पत्रांचा इतिहास फारसा लिहिला गेला नाही. तो लिहिला गेला नाही, त्यामुळे गावांचा आणि गावातल्या सामान्य माणसांचा इतिहासही अर्धवट राहिला. आपल्या समाजाचा तर त्याहून जास्त.

सुरुवात कागदापासून करू, कारण कागदाची गोष्ट खान्देशात छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे.

एरंडोलचा कागद

एरंडोल हे गाव एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही या गावाच्या जाडसर देशी कागदाची नोंद आहे. हा कागद बनवणारे कागदी मुसलमान होते. दौलताबादजवळचे कागजीपुरा घ्या किंवा जुन्नर घ्या, दख्खनमध्ये कागदाचा धंदा जिथे जिथे रुजला तिथे तो बहुतेक याच समाजाच्या हातात होता. लगदा कुटायचा, हौदात कालवायचा, साच्यावर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा आणि मग घोटून गुळगुळीत करायचा. मेहनतीचे आणि पाण्याचे काम. कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही, काझीचा निकाहनामा, सरकारी सनद हे सगळे अशाच कागदावर लिहिले जाई.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा हळूहळू बसला. गंमत अशी की ज्या छापखान्यांमुळे कागदाची मागणी वाढली, त्याच छापखान्यांना गिरणीचा एकसारखा, पातळ आणि स्वस्त कागद हवा होता. कागद्याचा कागद टिकाऊ होता, पण यंत्राला टिकाऊपणापेक्षा एकसारखेपणा महत्त्वाचा. त्यामुळे खान्देशात वर्तमानपत्रे वाढली तेव्हा एरंडोलचा कागद त्यांच्या कामी आला नाही.

धंदा गेला तरी शब्द राहिले. मराठी छापखान्याची भाषा तपासून पाहा. कागद, शाई, मजकूर, जाहिरात, दप्तर आणि छापखान्यातला ‘खाना’, हे सगळे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले. पेपरला आपल्या घरांत आजही ‘अखबार’ म्हणतात. तो ‘खबर’चे अनेकवचन आहे. जे लोक मराठी पत्रकारितेला आपल्यापासून लांबची गोष्ट समजतात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की या घराच्या विटा आपल्याही ओळखीच्या आहेत.

रेल्वे, कापूस आणि पहिली साप्ताहिके

खान्देशात वर्तमानपत्र येण्याला दोन कारणे झाली, कापूस आणि रेल्वे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. पेठा वाढल्या, वकील आले, कोर्टे आली, शाळा आल्या. भाव काय चालला आहे, गाडी कधी येते, कोणत्या जमिनीचा लिलाव आहे, हे कळण्याची गरज असलेला वर्ग तयार झाला. वर्तमानपत्राला लागणारा वाचक असा बाजारातून तयार होतो.

धुळ्याहून ‘खानदेश वैभव’ आणि ‘आर्यावर्त’, तर जळगावहून ‘प्रबोधचंद्रिका’ अशी साप्ताहिके निघू लागली. त्या काळचे साप्ताहिक काढायला माणसे किती लागत? संपादक एक, जो बहुधा मालकही असे. खिळे जुळवणारे एक-दोन जुळारी. यंत्र चालवणारा एक. आणि घड्या घालून पत्ते चिकटवणारा एक पोरगा. देवनागरीचे खिळे जुळवणे इंग्रजीपेक्षा अवघड. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे वेगवेगळी, त्यामुळे अक्षरांच्या पेटीत शेकडो खाने. जुळाऱ्याला ते सगळे पाठ असत. तो उलटे अक्षर सरळ वाचत असे. शाळेत फार न शिकलेला माणूस या कामात कित्येकदा संपादकाच्या शुद्धलेखनाच्या चुका काढी.

पैसा कुठून येई? वर्गणीतून थोडा, आणि तीही वेळेवर येत नसे. जुन्या पत्रांत वर्गणीदारांना केलेल्या विनवण्या हा कायमचा मजकूर असे. खरा आधार होता तो कोर्टाच्या नोटिसांचा, लिलावाच्या जाहिरातींचा आणि छापखान्यातल्या किरकोळ कामांचा. लग्नपत्रिका, पावती पुस्तके, हँडबिले छापून जे उरे त्यावर साप्ताहिक चाले. आजही तालुक्याच्या पेपरचे गणित फार वेगळे नाही. फक्त लिलावाच्या जागी नावबदलाच्या आणि जमीन खरेदीच्या ‘जाहीर नोटिसा’ आल्या आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे या दिवशी पुढाऱ्यांच्या शुभेच्छा आल्या.

सरकारची वही

या छोट्या पत्रांविषयीचा एक महत्त्वाचा साठा सरकारने, तोही संशयापोटी, तयार केला. १८५७ नंतर देशी भाषांतील पत्रांवर नजर ठेवणे ही राज्यकर्त्यांची गरज झाली. १८६७ चा पंचविसावा कायदा आला आणि छापखानदाराला व प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन प्रतिज्ञापत्र करणे भाग पडले. मुंबई सरकारचा भाषांतर विभाग दर आठवड्याला देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार करी. ही गोपनीय टिपणे अधिकाऱ्यांपुरतीच असत. त्यांच्यासोबत पत्रांची यादी असे: पत्राचे नाव, गाव, संपादकाचे नाव, जात, वय आणि खप.

म्हणजे धुळ्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या संपादकाने मामलेदारावर चार ओळी लिहिल्या की त्या मुंबईत साहेबाच्या टेबलावर इंग्रजीत पोहोचत. आज मूळ अंक मिळोत वा न मिळोत, मुंबईच्या पुराभिलेखागारात ही भाषांतरे आहेत. ज्याला पत्र बंद करायचे होते, त्याच्याच कपाटात त्या पत्राची आठवण राहिली.

या यादीत ‘जात’ हा रकाना होता हेही विसरू नये. सरकारला संपादकाचे मत कळण्यासाठी त्याची जात कळणे आवश्यक वाटत होते. वर्तमानपत्राकडे जात-धर्माच्या चष्म्यातून पाहायची सवय आपल्याला कोणी लावली याचे एक उत्तर या रकान्यात आहे.

१८७८ चा देशी वृत्तपत्र कायदा चार वर्षे टिकला. पण १९१० चा प्रेस कायदा छोट्या पत्रांना फार जाचला. नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपये जामीन मागण्याची त्यात सोय होती. मुंबईच्या मोठ्या मालकाला ही रक्कम परवडेल; तालुक्याच्या गावात ट्रेडल यंत्र चालवणाऱ्याला ती म्हणजे घर विकण्याची वेळ. सरकारला खटला भरायचीही गरज नव्हती. जामीन मागितला की पत्र आपोआप बंद पडे.

जळगावचे कवितेचे मासिक

‘प्रबोधचंद्रिका’ चालवणारे नारायण नरसिंह फडणीस, ज्यांना लोक नाना फडणीस म्हणत, यांनी १८८७ मध्ये जळगावहून ‘काव्यरत्नावली’ सुरू केले. फक्त कवितेला वाहिलेले मासिक, आणि ते १९३५ पर्यंत चालले. जवळजवळ अर्धे शतक! केशवसुत, रेव्हरंड ना. वा. टिळक, बालकवी यांच्या कविता या जळगावच्या मासिकात आल्या. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे १९१८ मध्ये जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून तो गेला. ज्या रेल्वेने या भागात छापखाना आणला, तिनेच या भागाचा सर्वांत मोठा कवी नेला.

जळगावला लागून असलेल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी छापखान्याविषयी त्यांची एक कविता आहे. कागदावर अक्षरे उमटवणाऱ्या त्या यंत्राचे त्यांना अप्रूप वाटले. पण त्यांच्या स्वतःच्या कविता छापून आल्या त्या त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये. तेही मुलाने आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून. छापखाना हाकेच्या अंतरावर असूनही कोणाचे बोल छापले जातात आणि कोणाचे वाऱ्यावर जातात, हा प्रश्न बहिणाबाईंच्या उदाहरणातून जितका स्पष्ट होतो तितका दुसऱ्या कशातून होत नाही.

अमळनेरचे ‘काँग्रेस’

आता या गोष्टीतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या पत्राकडे येऊ. ते फार वर्षे चालले नाही, त्याचा खप मोठा नव्हता, आणि ते काढणारा माणूस व्यवहारात कच्चा होता.

साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. ना खिळे, ना यंत्र. गुरुजी स्वतः लिहीत आणि मुले वाचत. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे, वसतिगृहातल्या चुका, कोणाची तब्येत बरी नाही, हे सगळे त्यात असे. वाचक मोजके, पण प्रत्येकाला आपले नाव त्यात कधी तरी येईल अशी खात्री. माझ्या मते स्थानिक वर्तमानपत्राची याहून चांगली व्याख्या करता येणार नाही. त्यानंतर ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक त्यांनी काढले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी टिपून घेतली. लिहून ठेवले नाही तर हे नष्ट होईल, ही जाणीव या माणसाच्या बोटांतच होती.

डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या या दीपनगर-भुसावळ पट्ट्यापासून जवळच, फैजपूरला, काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. ते यशस्वी व्हावे म्हणून गुरुजी गावोगाव हिंडले. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले.

तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. पक्षाचे नाव घेतलेले पत्र म्हणजे सरकारची तळी उचलणारे, असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. गुरुजींचे मन शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यात आणि गिरणी कामगाराच्या मजुरीत गुंतलेले होते. पीक बुडाले तर सारा माफ झाला पाहिजे, हे स्वतःच्या पक्षाच्या सरकारला सांगायला ते कचरले नाहीत. अमळनेर हे प्रताप मिलचे गाव. ज्या शेठजींच्या दानातून शाळा उभी राहिली, त्यांचीच गिरणी. गुरुजी एकेकाळी त्या शाळेत शिकवत होते आणि आता गिरणीतल्या कामगारांच्या संघटनेचे काम करत होते. छोट्या गावात पत्रकारिता करणे का अवघड असते, ते यातून कळेल. मुंबईच्या संपादकाला गिरणीमालक रोज रस्त्यात भेटत नाही. तालुक्याच्या संपादकाला तो भेटतो, त्याचा मुनीम भेटतो, आणि जाहिरात बहुधा त्याच्याकडूनच यायची असते.

महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळ गेले, १९४० मध्ये गुरुजी पुन्हा तुरुंगात गेले. असे पत्र संपादकाच्या अटकेनंतर उभे राहणे कठीणच. पण ती सवय सुटली नाही. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ मध्ये त्यांनी ‘कर्तव्य’ हे सायंदैनिक काही काळ चालवले आणि १५ ऑगस्ट १९४८ ला मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, जे आजही निघते.

याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहून हजरत पैगंबरांचे चरित्र मराठी वाचकांसमोर आदराने ठेवले. ज्याने आयुष्यभर वसतिगृहातील मुलांच्या, शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या बातम्या आपुलकीने लिहिल्या, त्याला शेजाऱ्याच्या धर्माविषयी लिहितानाही तीच आपुलकी सुचली. जवळच्या माणसाकडे नीट पाहण्याची सवय असलेला लेखकच परक्या वाटणाऱ्याकडे नीट पाहू शकतो.

सोलापूर आणि तरवडी

खान्देशाबाहेरची दोन उदाहरणे इथे सांगितलीच पाहिजेत.

पहिले सोलापूरचे. १९३० मध्ये तिथे मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार जण फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन यांची ओळख आपण ‘हुतात्मा’ एवढीच ठेवतो. ते ‘गझनफर’ नावाच्या साप्ताहिकाचे संपादक होते, हे फार थोड्यांना माहीत असते. गझनफर म्हणजे सिंह. विशीतला एक तरुण, गिरणीगावात पत्र चालवतो, कामगारांत काम करतो आणि फासावर जातो. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांना एक ओळ तरी मिळायला हवी.

दुसरे उदाहरण नगर जिल्ह्यातले. मुकुंदराव पाटील यांनी २३ नोव्हेंबर १९१० रोजी सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले. पुढे ते तरवडीहून निघू लागले. वर म्हटलेला प्रेस कायदा त्याच वर्षी आला होता. मुकुंदराव हे ‘दीनबंधू’कार कृष्णराव भालेकरांचे पुत्र, सत्यशोधक विचारांचे. शहर नाही, रेल्वे नाही, आणि तरी एका खेड्यातून पत्र निघत राहिले, १९६७ मध्ये मुकुंदरावांचे निधन होईपर्यंत, ५७ वर्षे. आज तरवडीत त्यांचे स्मारक आहे आणि त्यांचे लेखन पुन्हा छापले गेले आहे. ‘दीनमित्र’ टिकले कारण ते चालवणाऱ्याला माहीत होते की आपला वाचक कोण आहे, आणि त्याच्या समाजाने पुढे ते जपले. कुर्बान हुसेन यांच्या ‘गझनफर’च्या वाट्याला असा समाज आला नाही. दोन्ही पत्रे गरिबांची. फरक जपणाऱ्यांचा आहे.

जिल्हा आवृत्ती आली

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९७७ मध्ये ‘लोकमत’ची जळगाव आवृत्ती निघाली. ‘लोकमत’ हेही मुळात यवतमाळसारख्या गावातले साप्ताहिक. मोठ्या पेपरने तालुक्या-तालुक्यात वार्ताहर नेमले, ऑफसेटवर स्वच्छ छपाई दिली, पहाटे गाडीने अंक पोहोचवला. ट्रेडलवर छापलेले चार पानी साप्ताहिक त्यापुढे कसे टिकणार? खिळे भंगारात गेले, जुळारी दुसऱ्या कामाला लागले. जी साप्ताहिके उरली, त्यांतली बरीचशी सरकारी जाहिरातींच्या यादीवर राहण्यापुरती निघतात.

वाचकाला याचा फायदाही झाला, हे मान्य केले पाहिजे. बातमी लवकर आणि जास्त मिळू लागली. पण नुकसान कशात झाले? जुन्या साप्ताहिकाचा संपादक गावातच राहत असे. चुकीचे छापले तर दुसऱ्या दिवशी लोक त्याच्या ओट्यावर जात. त्यामुळे दंग्याच्या दिवसांत काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. दोन्ही मोहल्ल्यांत त्याचे वर्गणीदार होते. आज मोबाइलवर येणाऱ्या ‘खबरी’ला ना संपादक आहे, ना पत्ता, ना ओटा.

आपले नाव कुठे आहे?

खान्देशात मुसलमान काल-परवा आलेले नाहीत. १३८२ पासून १६०१ पर्यंत इथे फारुकी सुलतानांचे राज्य होते. यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुडा पायथ्याशी तडवी आहेत, जे आदिवासीही आहेत आणि मुस्लिमही. धुळ्यात विणकर आहेत, भुसावळला रेल्वेत पिढ्या खपलेली घरे आहेत, गावोगाव बागवान, पिंजारी, खाटीक, मणियार आहेत. यांच्या रोजच्या जगण्याची छापील नोंद किती सापडते? मालेगावात उर्दू पत्रांची मोठी परंपरा आहे आणि तिचा अभिमान वाटतो. पण ती नोंद उर्दू वाचणाऱ्यांपुरतीच राहते, आणि आपल्या मराठी शाळेत शिकलेल्या पोरांनाही आता ती वाचता येत नाही. मराठी पत्रांत आपण येतो ते बहुधा ईद, निवडणूक आणि दंगल या तीन प्रसंगी. मॅट्रिक पास झालेली मुलगी, बंद पडलेला माग, विहिरीसाठी जमीन देणारा चाचा, कुस्तीत गदा मारलेला पोर हे येत नाहीत.

दोष फक्त संपादकांचा नाही. बातमी देणारा असावा लागतो. ‘दीनमित्र’च्या लोकांनी कोणी आपल्याबद्दल लिहील याची वाट पाहिली नाही, स्वतः खिळे आणले. आपण वाट पाहत बसलो. दुसरा लिहितो तेव्हा तो त्याला दिसते ते लिहितो, आणि मग आपण त्याच्यावर रागावतो.

आज याला एक व्यवहारी बाजूही आहे. वक्फच्या जागेचा वाद निघो, कब्रस्तानाच्या रस्त्याचा प्रश्न निघो, आजोबांचे नाव नेमके काय होते हे सिद्ध करायचे असो, पहिला सवाल येतो तो ‘कागद कुठे आहे?’ असाच. चाळीस वर्षांपूर्वीच्या साप्ताहिकातली एक जाहीर नोटीस, मशिदीच्या विश्वस्तांच्या निवडीची चार ओळींची बातमी, उरुसाची जाहिरात, हे सगळे पुरावे आहेत. आणि ते रद्दीत चालले आहेत.

म्हणून वाचकांना एक काम सुचवतो. आपल्या तालुक्यात जुने साप्ताहिक निघत होते का, याची चौकशी करा. त्याच्या मालकाच्या वारसांकडे माळ्यावर बांधीव फायली असतील. सार्वजनिक वाचनालयात, नगरपालिकेच्या दप्तरात, एखाद्या वकिलाच्या जुन्या कपाटात असतील. त्यांची पाने मोबाइलने फोटो काढून ठेवा, तारखेनुसार लावा, आणि त्यात आपल्या मोहल्ल्याचे, बाजाराचे, शाळेचे जे सापडेल ते मराठीत लिहून काढा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, जे १९२७ पासून जुनी कागदपत्रे जपत आले आहे, त्याची एक प्रत द्या. हिंदू घरांतल्या फायलीत आपली नावे सापडतील, आपल्या घरांतल्या ट्रंकेत त्यांची सापडतील. गाव एकच होते, त्याचा पेपरही एकच होता.

एरंडोलच्या कागद्याने शेकडो वर्षे इतरांना लिहायला कागद दिला. त्याच्या नातवंडांनी आता त्यावर स्वतः लिहावे.